तारअक्का आणि न वाचण्याचा दिवस

"काही नाही! काही नाही!"

तारअक्का आमच्या गल्लीत शिरल्या की आधी ही आरोळी यायची, मग त्या. हातात भाजीची पिशवी असो नाहीतर देवळातला प्रसाद, कोपऱ्यावरच्या नळापासून त्यांचं सुरू व्हायचं. तंजावूरच्या राजवाड्यामागं नवीन बिऱ्हाड करणाऱ्यांना वाटायचं, बाईचा एखादा स्क्रू ढिला दिसतो. जुन्यांना कारण ठाऊक होतं. अक्कांनी सगळी नोकरी तार ऑफिसात केली. शेजारपाजारच्या तारा त्या शिपायाकडे न देता घरी येताना स्वतःच घेऊन यायच्या, आणि ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांना दारातच वाचून दाखवायच्या. आता तार करून माणूस चांगली बातमी कितीशी पाठवतो? त्यामुळे अक्का दारात दिसल्या की बायका धसकायच्या. माझ्या आईच्या हातून एकदा डोशाचं अख्खं पीठ जमिनीवर गेलं. अक्का बिचाऱ्या विरजण मागायला आल्या होत्या. तेव्हापासून त्या लांबूनच ओरडायला लागल्या. पुढं निवृत्त झाल्या, तारा कमी होत गेल्या, नाक्यानाक्यावर पिवळ्या पाट्यांचे एस.टी.डी. बूथ उगवले, तरी ती आरोळी काही सुटली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं बोलणं. जन्मभर लोकांनी पैसे मोजून पाठवलेले शब्द हाताळल्यामुळे असेल, पण अक्कांना शब्द वाया गेलेला सोसायचाच नाही. "अक्का, आईनं विचारलंय की उद्या सकाळी तुम्हाला वेळ असेल तर कोविलला याल का आमच्याबरोबर?" असं मी एका दमात म्हटलं की त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "उद्या देऊळ. येते." संपलं! 'बरं', 'हो', 'असं का', यातलं काही नाही. ऐकलेलं समजलं की एकच शब्द, "पोचलं." आणि एकदा पोचलं म्हणाल्या की तीच गोष्ट पुन्हा सांगायची सोय नाही. त्यांनाही पुन्हा सांगायला लावायचं नाही. चुकून "काय म्हणालात?" असं विचारलं की अशा बघायच्या, जसं काही मी त्यांच्या ताटातला घास उचललाय.

विचारात असल्या की बोटं चालायची. तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसल्या बसल्या कापीच्या पितळी पेल्यावर टिक टिक, टिक टक. आमच्या घरमालकाची पक्की खात्री होती की अक्का तारेच्या भाषेत त्याला शिव्या घालतात. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "कधीकधी."

आता मी पुण्यात असते. इथं सुरुवातीला मी 'येतेय'ला "येऊलालें" म्हटलं की लोक फिदीफिदी हसायचे. आमच्या तंजावूरकडची मराठी तशीच, जुनी आणि तमिळ सुरात भिजलेली. घरात मराठी बोलायची, वाचायचं तमिळ. देवनागरी मला इथं आल्यावर नीट यायला लागली. पण एखादं अक्षर नव्यानं ओळखता येणं म्हणजे काय असतं, ते मी तंजावूरलाच पाहिलं होतं आणि तारअक्कांमुळे पाहिलं होतं. इतकी वर्षं झाली, त्या बाईचा विचार आला की अजून माझी बोलती बंद होते. आणि माझी बोलती बंद होणं काय असतं ते माझ्या नवऱ्याला विचारा.

मी तेव्हा बी.ए.ला होते. आमच्या कॉलेजात मुरुगेसन नावाचा एक मुलगा होता. भाषणाची भारी हौस. साधं "पाणी दे" म्हणायचं तरी "मित्रहो" नं सुरुवात. तो एक दिवस बातमी घेऊन आला की दिल्लीची एक संस्था तरुणांनी चालवलेल्या साक्षरता वर्गांना अनुदान देणार आहे. अट एकच, चालवणारे सगळे पंचविशीच्या आतले हवेत. देवळापाशी फुलं विकणाऱ्या, राजवाड्याच्या गल्ल्यांत धुणीभांडी करणाऱ्या कितीतरी बायकांना अक्षरओळख नव्हती. आम्ही चौघं-पाचजणं तयार झालो. मुरुगेसननं इंग्रजीत अर्ज लिहिला. अहो, काय अर्ज होता तो! नुसते 'एम्पॉवरमेंट' आणि 'सस्टेनेबल' यांचे डोंगर. इंग्रजी तपासायला म्हणून मी तो आणि मुरुगेसन, दोघांनाही अक्कांकडे नेलं.

अक्कांनी पेन्सिल घेतली आणि गवत उपटावं तसे शब्द उपटायला सुरुवात केली. मुरुगेसनच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी जे उरलं त्याचा मराठीत अर्थ असा: 'आमच्या भागातल्या बायकांना वाचता येत नाही. आम्हाला येतं. संध्याकाळी आम्हाला वेळ असतो. जागा, दिवे, पाट्या नाहीत. त्या द्या.'

"अक्का, एवढ्याशा अर्जावर कोण देईल?" मुरुगेसन रडवेला होऊन म्हणाला.

"देतील. वाचून होईल."

आणि दिलं की हो! वर्षभरापुरतं, पुढचं काम पाहून ठरवू म्हणाले. कल्याण मंडपाच्या मागची, जेवणावळीची मोठी भांडी ठेवायची खोली आम्हाला भाड्यानं मिळाली. लग्न असलं की सांबाराचा वास घेत शिकवायचं. त्या खोलीवर एका केबलवाल्याचाही डोळा होता. तो दर महिन्याला येऊन दारातून आत बघून जायचा, मुलगी पसंत करायला आल्यासारखा. मंडपाच्या मॅनेजरनं सांगूनच ठेवलं होतं की तुमचं अनुदान संपलं की खोली त्याची.

अक्का पंचविशी कधीच ओलांडलेल्या, तेव्हा कागदावर त्यांचं नाव कुठंच नव्हतं. मुरुगेसन प्रमुख. पहिल्या दिवशी त्यानं फळ्यापाशी उभं राहून "मित्रहो" म्हटलं, समोरच्या बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या आणि त्याचं भाषण तिथंच अडकलं. मागं एका पातेल्याला टेकून बसलेल्या अक्का उठल्या. "कागदावर तू," त्याला म्हणाल्या, "इथं मी." तेव्हापासून त्या शिकवायच्या आणि आम्ही पाट्या पुसायचो.

त्यांची रीत साऱ्या जगाच्या उलटी. सगळीकडे साक्षरता म्हणजे आधी सही शिकवायची. आमच्या बायकांनाही तीच घाई. पाक्यम नावाची एक फुलवाली होती, पन्नाशीची, जिभेला धार अशी की भाव करायला आलेलं गिऱ्हाईक गुमान पैसे काढून द्यायचं. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "अक्का, माझं नाव तेवढं शिकवा, बाकी नको."

"नाही."

"का बरं?"

"आधी घ्यायला शीक. मग पाठव."

तार ऑफिसात म्हणे आलेली तार ज्याला नीट घेता येत नाही त्याला पाठवायच्या यंत्रापाशी कुणी फिरकू देत नसत. तोच न्याय इथं. आणि आणखी एक कारण होतं, ते त्यांनी मला वेगळं सांगितलं. अंगठा लावणारा निदान विचारतो तरी, बाबा, यात काय लिहिलंय. नुसती सही येणाऱ्याला विचारायची लाज वाटते. तोच फसतो. म्हणून कितीतरी महिने कुणालाही स्वतःचं नाव लिहायला मिळालं नाही. पाक्यम अक्कांना तोंडावर जहांबाज म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर असायची.

पाक्यमचं खरं दुखणं सहीचं नव्हतंच. तिची लेक तिरुवैयारुला दिलेली, बसनं जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. पण स्टँडवर गेलं की ही बस कुठली, ती कुठली, हे दर वेळी कुणाला तरी विचारावं लागायचं. एकदा एका कंडक्टरनं मजा म्हणून भलत्याच बसमध्ये बसवलं आणि दोस्तांबरोबर हसत बसला. ही पार भलत्या गावी उतरली आणि भर उन्हातून परत आली. "न विचारता एकदा लेकीकडे जायचंय," म्हणायची, "मग मेले तरी चालेल."

अक्कांनी तिला पुस्तक थोडं आणि रस्ता फार शिकवला. तिलाच काय, सगळ्यांनाच. ते दिवस पाट्यांचे होते. रोज एक नवं दुकान, रोज एक नवा रंग. कोलाची पाटी, भिशीवाल्या कंपन्यांच्या पाट्या, टीव्हीच्या, बनियनच्या, सिनेमाच्या. मुरुगेसन त्यावर नाकं मुरडायचा, देश विकायला काढलाय म्हणायचा. अक्का म्हणायच्या, "फुकट पुस्तक." बायकांना गृहपाठ म्हणजे येताजाता एक पाटी 'पकडून' आणायची. आल्या की एकेक सांगायची. पाक्यमनं एकदा काडेपेटीवरचं वाचलं, एकदा रेशन दुकानाच्या फळ्यावरचं 'रॉकेल नाही'. ते वाचून तिला इतका आनंद झाला की रॉकेल न मिळाल्याचं दुःखच विसरली. बसच्या पाटीशी मात्र तिचं जमत नव्हतं. बस थांबते कुठं नीट? अक्षरं जुळवेपर्यंत गेलेली असायची.

एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर तिण्णैवर बसलो असताना मी अक्कांना विचारलं, की निवृत्तीनंतर जरा निवांत राहायचं सोडून हा खटाटोप कशाला? त्या बराच वेळ पेल्यावर बोटं वाजवत राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या मानानं कीर्तनच म्हणायचं.

एकदा शेजारणीचा नवरा गेल्याची तार आली. तो मुंबईला होता, तिथंच गेला. अक्का तार पिशवीत घालून निघाल्या तर बाजारात तीच बाई भेटली. म्हणाली, चला, बरोबरच जाऊ. रस्त्यात तिनं मोगरा घेतला, केसांत माळला. बांगड्यांच्या दुकानापाशी थांबली. नवरा दिवाळीला येणार म्हणून हिरव्या घेऊ का लाल, असं अक्कांनाच विचारलं. भर रस्त्यात सांगता येईना. अक्का तिच्या शेजारून घरापर्यंत चालत आल्या.

"दुसऱ्याची बातमी. आधी मला, मग त्याला," अक्का म्हणाल्या. "बरोबर नाही ते." आणि थोड्या वेळानं, आमच्या मराठीत, "त्या रस्त्यावरनं अजून चालूलालें मी."

रोज नळापासून "काही नाही" ओरडत येणारी ही बाई मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली म्हणा ना.

वर्ष संपत आलं तसं दिल्लीहून कळलं की संस्थेचे एक साहेब पाहणीला येणार. बायका वाचतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहायला हवं, तरच पुढचं अनुदान. त्यांनी विचारलं, नवरात्रातल्या नवमीला आलो तर चालेल? त्यांना सुट्टी होती, बृहदीश्वराचं देऊळही बघून होणार होतं. आम्ही खूश. सुट्टीचा दिवस, सगळ्या बायका मोकळ्या, उत्तम! या म्हणून कळवून टाकलं. अक्का तेव्हा भावाकडे कुंभकोणमला गेल्या होत्या. आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

कशाचा, ते सांगते. आमच्याकडे नवमीला सरस्वतीपूजा. घरातली सगळी पुस्तकं, वह्या, पेनं देवीपुढं मांडायची, गंध-कुंकू लावायचं, आणि दशमीच्या सकाळी पुन्हा पूजा करून उचलेपर्यंत एक अक्षर वाचायचं नाही की लिहायचं नाही. कडक नेम. लहानपणी आम्हा पोरांना याच्याइतका लाडका सण नव्हता. उद्या परीक्षा असली तरी कुणाची "अभ्यास कर" म्हणायची टाप नाही.

तर नवमीला साहेबांना घेऊन मी आणि मुरुगेसन कल्याण मंडपाच्या मागं गेलो आणि दारातच कपाळाला हात लावला. खोली झाडून सारवून लख्ख. दारात तांदळाच्या पिठाचं हे एवढं कोलम. आत मोठ्या पातेल्यावर पाट ठेवून त्यावर लाल कापड, आणि कापडावर आमच्या वर्गाची सगळी पुस्तकं, पाट्या, खडूचे तुकडेसुद्धा. प्रत्येकाला कुंकवाचं बोट. चुरमुऱ्यांचा आणि सुंडलचा, म्हणजे परतलेल्या हरभऱ्यांचा, नैवेद्य. पाक्यमनं तर त्या दिवशी विकायची अर्धी फुलं तिथंच वाहिली होती. बायका धुवट साड्या नेसून, केसांत फुलं माळून ओळीनं बसलेल्या. फळ्यालासुद्धा चादर घातलेली.

साहेब भला माणूस. बारीक, चष्मा लावलेला, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची सवय. हात जोडून म्हणाले, फार छान, आता जरा वाचून दाखवा. मी ते तमिळमध्ये सांगितलं.

पाक्यम माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही माझंच डोकं फिरलंय. "आज? अगं पोरी, आज पुस्तक बसलंय."

"पाक्यम अम्मा, एक ओळ. हे लांबून आलेत."

"उद्या सकाळी अख्खं पुस्तक वाचते."

उद्या सकाळी कुठलं? साहेबांची गाडी संध्याकाळची. मुरुगेसननं हात जोडले, देवी क्षमा करील म्हणाला, केबलवाला खोली घेईल म्हणाला. बायका कावऱ्याबावऱ्या झाल्या. पण पुस्तकाला हात लावायला एकही पुढं येईना. पाक्यमचे डोळे भरले. म्हणाली, "गेल्या वर्षापर्यंत मी मालकिणीच्या पुस्तकांना फुलं नेऊन द्यायची. या वर्षी माझं स्वतःचं पुस्तक बसलंय. पहिल्याच वर्षी उठवू?"

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "काही नाही! काही नाही!" अक्का कुंभकोणमहून उतरून थेट तिथंच आलेल्या.

मी त्यांना कोपऱ्यात ओढलं. "अक्का, तुम्ही सांगितलंत तर त्या ऐकतील. नाहीतर वर्ग बुडाला!"

"त्यांचा नेम. मी कोण मोडणार?" मग आमच्या दोघांकडे रोखून बघत म्हणाल्या, "तुम्ही विसरलात. त्या नाही विसरल्या."

ते मात्र वर्मी लागलं. विसरलो म्हणजे काय, तो नेम पुस्तकं असणाऱ्या माणसांचा, आणि त्या माणसांत आता पाक्यमही आली, हे आमच्या गावीच नव्हतं.

साहेबांनी मला दोनदा विचारलं, या बाई कोण? अक्कांनी इंग्रजीत स्वतःच सांगितलं, "शेजारी." साहेब ओशाळून म्हणाले की मला यांच्या श्रद्धेचा मान आहे, पण जे मी पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून लिहिता येणार नाही.

मला वाटलं, आता अक्का त्यांना फाडून खाणार. पण त्यांनी मान डोलावली. "बरोबर," म्हणाल्या. आणि पिशवी माझ्या हातात देऊन बायकांना म्हणाल्या, "चला. साहेबांना स्टँडपर्यंत पोचवू."

झालं! म्हणजे सगळं संपलं. मुरुगेसनचा चेहरा तर उतरून पार जमिनीला लागला. आम्ही निघालो. जवळची, सावलीची गल्ली सोडून अक्का मोठ्या रस्त्यानं निघाल्या. नवमी म्हणजे आयुधपूजेचाही दिवस, रस्ता नुसता फुलून आलेला. ऑटो, लॉऱ्या, सायकली, सगळ्यांना झेंडूचे हार. आणि दोन्हीकडे पाट्या, पाट्या, पाट्या.

थोडं पुढं गेल्यावर साहेब थबकले. मागं बायकांची रांग विचित्र चालत होती. माना खाली. एकीनं पदर कपाळावरून नाकापर्यंत ओढलेला. दोघी एकमेकींचा हात धरून पायांकडे बघत चाललेल्या. एक तर चक्क भिंतीकडे तोंड करून खेकड्यासारखी आडवी.

"यांना काय झालं?" त्यांनी मला विचारलं. मला तरी कुठं माहीत! मी पाक्यमला विचारलं.

"वर बघायचं नाही आज," पाक्यम डोळे मिटूनच म्हणाली.

"का?"

"वर बघितलं की वाचलं जातं. पूर्वी बरं होतं बाई, नुसती रंगीत चित्रं असायची. आता डोळा उघडला की अक्षर आत शिरतंय. काय करू?"

मी साहेबांना सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात वळणावरून एक बस भोंगा वाजवत अंगावर आली. कपाळाला हार, हाराखाली पाटी. पाक्यम दचकली, डोळे उघडले, आणि तिच्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं,

"तिरुवैयारु!"

बस निघून गेली. पाक्यम तशीच उभी. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं दोन्ही गालांवर पटापट चापट्या मारून घेतल्या. देवापाशी चूक झाली की तमिळ मुलखात तसं करतात.

"वाचलीस! वाचलीस!" मागची पदरवाली ओरडली. "आजच्या दिवशी बसची पाटी वाचलीस!"

पाक्यम गर्रकन वळली. "आणि पाटीवर तेच होतं हे तुला गं कसं कळलं?"

पदरवालीनंही गाल बडवून घेतले. तिला हसून भिंतीकडे तोंड केलेलीनं मान वळवली, तर समोर सिनेमाचं भलंमोठं पोस्टर! "अय्यो," म्हणून तिनंही दोन चापट्या. मग काय, एकीचं बघून दुसरी, तिसरी. भर रस्त्यात सगळ्या बायका गाल बडवतायत, हसतायत, आणि पाक्यम हसता हसता रडतेय, "न विचारता वाचलं गं, न विचारता!"

साहेबांना कुणी काही समजावून सांगायला लागलंच नाही. ते भारल्यासारखे बघत राहिले. मग त्या बसच्या दिशेनं हात करून हळूच मला विचारलं, तिच्यावर लिहिलं होतं तरी काय? मी सांगितलं. ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "या रस्त्यावर आज निरक्षर मी एकटाच."

अक्का पुढं चालत होत्या. त्यांनी एकदाही वळून बघितलं नव्हतं. सावलीची गल्ली सोडून या रस्त्यानं त्यांनी मुद्दाम आणलं होतं का? मी दुसऱ्या दिवशी विचारलंच. त्या म्हणाल्या, "पोचलं ना?" पण नेम न मोडता, कुणाला वाचायला न सांगता, एक शब्द न बोलता ही बाई सगळ्यांना आपल्या पायांनी पुराव्यापर्यंत घेऊन गेली. मी त्यांना मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला.

स्टँडवर साहेबांना निरोप देताना अक्का इतकंच बोलल्या, "उत्तर तमिळमध्ये. तिच्या नावावर." आणि पाक्यमकडे बोट केलं. साहेबांनी हे मात्र दोनदा विचारलं नाही.

मग आमचा जीव टांगणीला लागला. दिवाळी झाली, आमच्याकडचा दिवाळीनंतरचा पाऊस झाला, उत्तर नाही. केबलवाला तर एकदा टेप घेऊन खोली मोजून गेला. आणि एक दिवस पोस्टमन अक्कांच्या तिण्णैपाशी येऊन थांबला. मी तिथंच होते. तो आधी तार ऑफिसात, अक्कांच्या हाताखालीच वाढलेला, त्यामुळे गल्लीतलं काही महत्त्वाचं असलं की आधी त्यांना दाखवायची जुनी सवय. "अक्का, दिल्लीचं पाकीट. पाक्यमच्या नावाचं. उजेडात धरलं तर आतलं दिसतं बघा."

माझा हात पुढं गेलासुद्धा होता. अक्कांनी पेला खाली ठेवला. "तिचं आहे. तिला दे."

आम्ही वर्गात जाऊन बसलो. पाक्यम आली, ओल्या हातांनी, कमरेला पाकीट खोचलेलं, अजून बंद. तिला म्हणे ते अक्कांसमोरच उघडायचं होतं. अक्का नेहमीच्या पातेल्याला टेकून बसल्या. पाक्यम दिव्याखाली उभी राहून वाचायला लागली. एकेक अक्षर. देवा रे, काय तिचा तो वेग! 'तु... म... च्या... व... र्गा... ला...' मुरुगेसननं माझा दंड इतका आवळला की वळ उठले. तमिळमध्येही हो का नाही ते वाक्याच्या अगदी शेवटी कळतं. मला वाटलं, हिसकावून घ्यावं आणि वाचून टाकावं. मी अक्कांकडे बघितलं. त्यांची बोटं पातेल्यावर ठेवलेली, आणि हलत नव्हती. जन्मभर प्रत्येकाची बातमी ज्यांना सगळ्यांच्या आधी कळली, त्या अक्का मान वर करून पाक्यमच्या तोंडाकडे बघत होत्या, तारेची वाट बघणाऱ्या बाईसारख्या.

"...पु... ढ... च्या... व... र्षी... ही... म... द... त... मि... ळे... ल."

वर्गात एकच कल्ला उठला. बायका उठून नाचायला लागल्या, मुरुगेसननं "मित्रहो" म्हणून तोंड उघडलं आणि हुंदका दिला. मी अक्कांकडे वळले. आता त्या "पोचलं" म्हणतील आणि पाट्या पुसायला सांगतील, दुसरं काय!

अक्कांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. डोळे मिटले.

"पाक्यम," त्या म्हणाल्या, "पुन्हा वाच."